चावीवाल्याची चाल

कोंडीबा भडकुंबेला पहाटे साडेतीनलाच जाग यायची. चौतीस वर्षं त्यानं होटगीला रेल्वेत चावीवाल्याचं काम केलं होतं. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या धक्क्यानं सैल होतात, कधी निसटून बाजूला पडतात. त्या रोज बघायच्या, हातोड्यानं ठोकून परत बसवायच्या, जोडाचे बोल्ट आवळायचे. एकेका चावीवाल्याला पाचसहा किलोमीटरचा रूळ वाटून दिलेला असतो, त्याला बीट म्हणतात. जाताना एका रुळावर नजर ठेवायची, येताना दुसऱ्यावर. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंडी. ऊन असो, पाऊस असो, घरात लग्न असो, बीट चुकवायचं नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी डोळा त्याच वेळेला उघडायचा.

"अवो, कोनती गाडी अडलीय तुमच्यावाचून? पडा की गप," त्याची बायको सारजाबाई कूस बदलत म्हणायची.

तो जरा वेळ पडून राहायचा, मग हळूच उठून चूल पेटवायचा. गॅस होता, पण अंघोळीचं पाणी त्याला चुलीवरचंच लागायचं.

त्यांचा एकुलता मुलगा अमृत सोलापुरात एका विमा कंपनीत होता आणि तिथल्याच जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेऊन राहत होता. सून ऋतुजा शाळेत शिकवायची. त्यांची मुलगी संस्कृती सहा वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाणार होती. मे महिन्याच्या सुरुवातीला अमृत होटगीला आला आणि आल्या आल्या म्हणाला, "अण्णा, आई, कापडं भरा. चार दिवस आपन समदे फिरायला चाललोय."

शहरापासून तासाभराच्या अंतरावर, माळरानावर, एक मोठा पार्क झाला होता. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ, आणि मुक्कामाला खोल्यासुद्धा.

"तासाभराच्या वाटेवर मुक्कामाला कशाला जायाचं?" कोंडीबानं विचारलं.

"त्यातच तर मजा हाय, अण्णा. जे तितं ऱ्हात्यात त्यांना सकाळी साडेआठलाच आत सोडत्यात. बाकीच्यांना साडेनऊला. एक तास आपला. ऊन चढायच्या आत निम्मा पार्क बघून व्हतोय."

अमृतनं मोबाइलवर तक्ताच केला होता. कुठल्या दिवशी किती वाजता कुठला पाळणा, कुठून कुठं जायचं, नाश्ता कधी. कोंडीबानं तो चष्मा लावून पाहिला आणि "बरं हाय" एवढंच म्हणाला. मुलाच्या चेहऱ्यावर एवढा उत्साह त्यानं बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ते पोचले. शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी अमृतनं साडेपाचला सगळ्यांना उठवलं. कोंडीबा उठून, अंघोळ करून, बाहेरच्या पायरीवर बसलेलाच होता. संस्कृतीला मात्र झोपेतच दात घासायला लावले, झोपेतच फ्रॉक चढवला. दुधाचा पेला तिनं पुढं सारला.

"राहू दे, आत गेल्यावर खाईल," अमृत म्हणाला. "पहिल्या रांगेत उभं राहायला पाहिजे."

सव्वासातला ते फाटकासमोर उभे होते. त्यांच्या पुढं चारच कुटुंबं होती, म्हणून अमृत खूश होता. पण सव्वा तास सहा वर्षांच्या पोरीनं उभं राहायचं म्हणजे काय ते तासाभरातच कळलं. आधी ती आईच्या ओढणीला लोंबकळली, मग खाली बसली, मग "भूक लागली" म्हणू लागली, आणि बिस्किट दिलं तर "हे नको" म्हणू लागली. फाटक उघडलं तेव्हा गर्दी आत धावली. अमृत तिला कडेवर घेऊन पळाला. मागनं ऋतुजा, तिच्या मागं सारजाबाई, पदर खोचून.

सगळ्यांत मोठ्या झुल्यापाशी ते पोचले, नंबर आला, आणि संस्कृती जागची हलेना. दांडा घट्ट धरून ती रडायला लागली. अमृतनं समजावलं, मग जरा ओढलं. मागची रांग कुरकुरू लागली. शेवटी ते बाजूला झाले. तक्त्यातलं दुसरं नाव, तिसरं नाव असं करत ते पार्कभर फिरले. कोंडीबा मागून पिशव्या घेऊन चालत होता. तो चालत होता आपल्या नेहमीच्या चालीनं, त्यामुळं प्रत्येक ठिकाणी तो पोचायचा तेव्हा बाकीचे निघायच्या तयारीत असायचे.

साडेदहालाच फरशी तापली. अकरा वाजता रांगेत उभी असताना संस्कृतीला उलटी झाली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी. अमृतच्या बुटावर ते पडलं आणि तो वैतागून ओरडला, "काय गं तू! एवढं तुझ्यासाठी करतोय आणि तुला काहीच नको!"

पोरगी रडली नाही. बापाकडं नुसती बघत राहिली. ते बघणं रडण्यापेक्षा वाईट होतं. कोंडीबानं पुढं होऊन तिला उचललं, ओल्या पंच्यानं तिचं तोंड पुसलं आणि खोलीकडं चालायला लागला. दुपारभर पोरगी तापल्या अंगानं झोपून राहिली. संध्याकाळी ताप उतरला, तिनं दहीभात खाल्ला, आणि आईबापांच्या खोलीत न झोपता आज्जीआज्जाबरोबर झोपायचा हट्ट धरला. तो लगेच मान्य झाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला कोंडीबा पायरीवर बसला होता, तर मागून बारीक आवाज आला, "आज्जा, काय करतोस?"

"बसलोय की. झोप झाली व्हय तुजी?"

"झाली." दुपारपासून झोपलेली पोर, तिची झोप होणारच. "आज पण रांगेत उभं राहायचं?"

"आत्ता न्हाय. चल, जरा पाय मोकळे करू."

त्यानं तिच्या पायात चपला सरकवल्या, सारजाबाईनं घरून आणलेली, स्टीलच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पंच्यात बांधून घेतली आणि दोघं निघाले. खोल्यांच्या मागून पार्कातल्या छोट्या रेल्वेचा रूळ जात होता. हातभर रुंदीचा, साऱ्या पार्काला वळसा घालणारा. तो दिसल्यावर कोंडीबाचे पाय आपोआप तिकडं वळले. रुळावर एक बाई खराटा घेऊन वाकली होती. बारके खडे आणि पाचोळा बाजूला करत होती.

"कुटं निघालासा? हिकडं यायला बंदी हाय सकाळच्याला," ती म्हणाली.

"मी रेल्वेतला, बाई. रूळ दिसला म्हनून आलो. नको म्हनलासा तर जातो परत."

बाईनं त्याच्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. "रुळावर पाय ठेवू नगा, बाजूच्या वाटंनं चला. गाडी नऊच्या आदी सुटत न्हाय."

तिचं नाव मायाक्का. जवळच्याच वस्तीवरची. रोज पाचला येऊन ती हा सगळा रूळ झाडायची. ती झाडत पुढं, हे दोघं मागून. कोंडीबानं संस्कृतीला चाव्या कशा असतात ते सांगितलं, इथं त्यांच्या जागी क्लिपा आहेत ते दाखवलं. प्रत्येक क्लिप जाग्यावर आहे का ते बघायचं काम तिला दिलं. ती वाकून बघायची आणि "आहे" म्हणायची. कुठं चिमणीची अंघोळ चाललेली दिसली की थांबायची. तो पण थांबायचा. कुणी "चल चल" म्हणत नव्हतं. पूर्वेला माळावर तांबडं फुटलं, गार वारा सुटला. मेमध्ये सोलापूरकडं वारा गार लागतो तो तेवढाच तास.

सहाच्या पुढं ते तिघं लिंबाखाली बसले. संस्कृतीनं अख्खी चतकोर भाकरी खाल्ली. तिखट लागलं म्हणून पाणी प्याली आणि परत खाल्ली.

"काल लई तरास झाला वाटतं पोरीला," मायाक्का म्हणाली. "मी बगितलं न्हवं. समदे फाटक उघडलं की त्या मोठ्या झुल्याकडं पळत्यात. मागच्या अंगाला लहान लेकरांचं हाय, तितं दहापातूर काळं कुत्रं नसतं. आन् साडेधाच्या म्होरं मी सुदिक सावलीला जाते. पाच वाजल्यावर या परत. निवांत असतंय."

कोंडीबानं ते नीट ऐकून घेतलं.

पावणेसातला ते खोलीवर परतले तर अमृत दारातच उभा. डोळे तारवटलेले.

"अण्णा, सांगून तरी जायाचं! मी समदीकडं बगून आलो. सात वाजायला आल्यात, रांगेत कवा उबं ऱ्हायाचं?"

"तुज्या आईला सांगितलं व्हतं. झोपंत ऐकलं नसंल तिनं. चुकलं माजं." कोंडीबा पायरीवर बसला. "अमृत, आज रांगेत नको उबं ऱ्हायला. नऊच्या सुमाराला निगू. मागच्या अंगानं. दोनच खेळ, आन् साडेधाला परत."

"दोन? मग आलो कशाला आपन? एकच आख्खा दिवस उरलाय, अण्णा. तिनं समदं बगायला पायजे." अमृतचा आवाज चढला. आत ऋतुजा वेणी घालता घालता थांबली. "तुमाला न्हाय कळायचं ते. तुमी कवा नेलंसा का मला कुटं? एकदा निगालो व्हतो, तर नवी कापडं घालून फलाटावर बसवून ठेवलंसा. गाडी आली आन् गेली बी."

सारजाबाई दारात येऊन उभी राहिली. ऋतुजानं संस्कृतीला आत घेतलं.

कोंडीबाला तो दिवस आठवायला वेळ लागला नाही. अमृत तिसरीत होता. दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादचं प्राणीसंग्रहालय बघायला जायचं ठरलं होतं. कोंडीबानं घरच्यांच्या प्रवासासाठी काढलेला तो पहिला आणि शेवटचा रेल्वे पास.

"व्हय," तो म्हणाला. "बदली मानूस आला न्हवता त्या दिवशी. मुकादम फलाटावर आला आन् म्हनला, बीट मोकळं हाय, एवढं करून या, गाडीला दोन-अडीच तास हायती. मी गेलो. मनात एकच, पोरगं बसलंय. पयला किलोमीटर मी पळालो, अमृत. नुसता पळालो. मग थांबलो. मागं वळून बगितलं तर काय बगितलं रुळावर, मला सांगता येईना. परत मागं आलो आन् पयल्यापासनं चालायला लागलो, माज्या चालीनं. चौथ्या किलोमीटरला रूळ तडकला व्हता. थंडी लवकर पडली व्हती त्या सालाला, थंडीनं रूळ आखडतोय. केसायेवढी चीर, बोट फिरवलं तवा कळली. आन् समोरनं एक्स्प्रेस यायची वेळ. झेंडी घिऊन पळालो तिच्या अंगावर. थांबली. दोनशे पावलं उरली असतील."

अमृत त्याच्याकडं बघत राहिला. "हे कवा सांगितलं न्हाईसा."

"काय सांगायाचं? काम व्हतं. रूळ बदलंस्तोवर दुपार झाली, आपली गाडी दुसऱ्या लायनीनं कवाच गेली व्हती. आलो तर तू बाकड्यावर झोपला व्हतास, आईच्या मांडीवर. सांगायला पायजे व्हतं. दुसऱ्या दिवशी तरी. मला वाटलं, पोराला काय सांगायाचं, ते इसरून जाईल. आन् मग पास काढायची लाजच वाटायला लागली. परत तुला बसवून ठिवलं तर?"

"मला बी न्हाय सांगितलं," सारजाबाई हळू आवाजात म्हणाली. "मी आठ दिवस बोलले न्हवते यांच्यासंगट."

कोंडीबा म्हणाला, "पोरगी चौथ्या किलोमीटरपातूर टिकायला पायजे, अमृत. तू तिला पयल्यालाच पळवतोस. आजचा दिस माज्या हातात दे. न्हाय जमलं तर उद्या तुज्या तक्त्यापरमानं."

अमृतनं मोबाइल काढला, तक्ता बघितला आणि खिशात ठेवून दिला. "चहा घेता का?" त्यानं विचारलं.

त्या दिवशी ते नऊला निघाले. पोरीचं पोट भरलेलं, अंगात उत्साह. मागच्या बाजूला खरोखरच कुणी नव्हतं. लहान मुलांच्या घोड्यांच्या चक्रावर संस्कृती एकदा बसली, दोनदा बसली, पाचव्यांदा बसायची म्हणाली तेव्हा अमृत सवयीनं "आता पुढचं" म्हणणार होता. तो ओठावर आलेला शब्द गिळताना कोंडीबानं त्याला पाहिलं. पाच वेळा बसून ती स्वतःच उतरली आणि म्हणाली, "आता पाणी." मग ते पाण्याच्या उथळ कुंडात गेले. साडेदहाला कोंडीबा उठला, नातीचं डोकं पुसलं आणि म्हणाला, "मी आन् ही निगतो. तुमी ऱ्हावा. तुमाला कोन घाई करतंय?"

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, की सगळ्यांनी एकाच वेळी सगळं करायला पाहिजे असं नाही. आज्जा-नात खोलीवर जाऊन पंख्याखाली झोपले. इकडं ऋतुजा सासूला म्हणाली, "आई, तो मोठा झुला. बसायचं का?"

"मी? आगं बया!" सारजाबाई म्हणाली, आणि लगेच, "पन पदर कुटं खोवायाचा?"

पदर ऋतुजानं दोन पिना लावून पक्का केला. झुला वर गेला, उलटा झाला, सारजाबाईच्या तोंडून जी आरोळी निघाली ती खाली उभ्या अमृतनं ओळखली. खाली आल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आजून एकदा बसू दे म्हनावं," ती म्हणाली. बसलीसुद्धा. दुपारी जेवताना कोंडीबाला तिनं ते तीनदा सांगितलं आणि प्रत्येक वेळी झुला जरा जास्त उंच झाला.

पाच वाजता उन्हं कलल्यावर ते परत गेले. संस्कृती छोट्या रेल्वेत बसली आणि गाडी खोल्यांमागून गेली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईला तिनं सांगितलं, "हा रूळ मी बघितलाय. सगळं घट्ट आहे."

निघायच्या दिवशी पहाटे कोंडीबा पायरीवर बसला होता, तर पलीकडच्या खोलीचं दार वाजलं. अमृत बाहेर आला. अंगात कालचाच शर्ट, केस उभे. तो शेजारी बसला. थोड्या वेळानं संस्कृती आली, आणि बापाला तिथं बघून तिचा चेहरा जरा उतरला.

"पप्पा, आज घाई आहे?"

"नाही," अमृत म्हणाला. "तू म्हणशील तसं."

तिघं रुळाकडं गेले. मायाक्का वळणावर झाडत होती, तिनं लांबूनच हात केला. संस्कृती पुढं, एकेका क्लिपेपाशी वाकत. तिच्या मागं अमृत. दहा पावलांत त्याचा पाय तिच्या टाचेला लागला, थोडं पुढं गेल्यावर परत लागला.

"आखूड टाक," कोंडीबा मागून म्हणाला. "तिच्या पायाकडं बग, म्होरं बगू नको."

मग हळूहळू अमृतचं पाऊल बसलं. अर्धा फेरा झाला तेव्हा तो मागं वळून न बघता म्हणाला, "अण्णा, ती चीर कशी असती वो? दिसती का आदी?"

"सकाळी तिरपं ऊन पडलं की दिसती कवाकवा. न्हायतर आवाज येतो. हातोडा मारला की रूळ बोलतो. तडकलेला येगळा बोलतो, बद्द."

"आन् भीती न्हाय वाटली? गाडी येताना?"

"नंतर वाटली," कोंडीबा म्हणाला. "घरी आल्यावर. भाकरी ताटातच ऱ्हायली. तुजी आई फुगून बसलेली, तिला काय दिसलं न्हाय."

पुढं संस्कृती थांबली होती. एक सरडा रुळावर ऊन खात बसला होता. तिघंही थांबले. सरडा गेला तेव्हा निघाले.

त्या दिवशी ते नाश्ता करून एकाच ठिकाणी गेले, घोड्यांच्या चक्रावर. अमृत मुलीबरोबर घोड्यावर बसला. घोडा लहान, हा उंच. गुडघे कानाला लागत होते. मोठा झुला संस्कृतीनं खालूनच पाहिला. "मी आठ वर्षांची झाले की बसेन," तिनं जाहीर केलं, आणि कुणी तिला आग्रह केला नाही. तक्त्यातली अर्धीअधिक नावं बघायची राहिली. दहाला त्यांनी खोल्या सोडल्या.

परतीच्या वाटेवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लागलं. मोठं लिंबाचं झाड, खाली दोन बाकडी. अमृतनं गाडी सावलीत घेतली. संस्कृती मागच्या सीटवर, आज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून झोपली होती.

"उठवू का तिला? रस पिईल," ऋतुजा म्हणाली.

अमृतनं मागं वळून पोरीकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. त्याला दुपारी ऑफिसात तोंड दाखवायचं होतं, हे कोंडीबाला माहीत होतं.

"नको. आपोआप उठंल," अमृत म्हणाला. त्यानं गाडीच्या चारी काचा खाली केल्या, दारं उघडली आणि बाहेर येऊन बापाशेजारी बाकड्यावर बसला. "अण्णा, आल्याचा का साधा?"

"आल्याचा," कोंडीबा म्हणाला.

पोरीला जाग येईपर्यंत पाऊण तास ते तिथंच बसून होते.